टॉवर पलीकडे, स्टुडिओ अलीकडे: सीमेवरच्या रेडिओचा मालक नक्की कोण?

धागाकर्ता: खारेवारे

सॅन डिएगोत मुरलेल्यांना याचं काही वाटत नाही, पण नवा माणूस दचकतोच. ९१एक्स लावलंय, इंग्रजी रॉक चालू आहे, निवेदक आय-५ महामार्गावरच्या ट्रॅफिकवर बडबडतोय, जाहिराती सगळ्या इथल्याच. आणि दर तासाला मधेच कोणीतरी घाईघाईने स्पॅनिशमध्ये स्टेशनचं नाव सांगून जातं: एक्सईटीआरए, तिहुआना, बाहा कॅलिफोर्निया. मध्यरात्री बाराला मेक्सिकोचं राष्ट्रगीत. रविवारी रात्री मेक्सिकन सरकारचा 'ला ओरा नासिओनाल', जो तिथल्या सगळ्या स्टेशनांना १९३७ पासून सक्तीचा आहे. त्या वेळात इकडचे निम्मे श्रोते दुसरं स्टेशन लावतात, तरी तो वाजवावाच लागतो.

कारण साधं आहे. टॉवर तिहुआनात, परवाना मेक्सिकोचा, परवानाधारक कागदोपत्री मेक्सिकन. गाणी, निवेदक, जाहिरातींची विक्री मात्र सॅन डिएगोतली अमेरिकन कंपनी बघते. मेक्सिकोत रेडिओचा परवाना परक्या माणसाला मिळत नसे. २०१३ च्या घटनादुरुस्तीनंतर ४९ टक्क्यांपर्यंत परकीय पैसा चालतो, तोही गुंतवणूकदाराच्या देशात मेक्सिकनांना जेवढी मुभा असेल तेवढाच. म्हणून इथे कोणी स्टेशन 'विकत' घेत नाही, कार्यक्रम पुरवण्याचा करार करतो.

या प्रकाराचा मूळपुरुष डॉ. जॉन ब्रिंक्ली. कॅन्ससमधल्या मिलफर्ड गावात हा इसम पुरुषांचं 'गेलेलं तारुण्य' परत आणायला बोकडाच्या ग्रंथी बसवायचा, एका शस्त्रक्रियेचे साडेसातशे डॉलर. १९२३ मध्ये त्याने केएफकेबी नावाचं स्वतःचं रेडिओ स्टेशन काढलं. लोक पत्रातून दुखणी कळवायचे आणि हा माईकवरून औषधांचे नंबर सांगायचा. १९३० मध्ये फेडरल रेडिओ कमिशनने परवान्याचं नूतनीकरण नाकारलं, त्याच वर्षी राज्याच्या वैद्यकीय मंडळाने डॉक्टरकीचाही परवाना काढून घेतला. मग पठ्ठ्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. मतपत्रिकेवर नाव छापलेलं नसताना लोकांनी हाताने लिहून लाखांच्या घरात मतं दिली. थोडक्यात पडला.

१९३१ मध्ये त्याने रिओ ग्रांदे नदीपलीकडे, मेक्सिकोतल्या व्हिया अकुन्यात एक्सईआर सुरू केलं. नंतर तेच एक्सईआरए झालं आणि ताकद ५०० किलोवॅटवर गेली. अमेरिकेत तेव्हा (आणि आजही) एएमला कमाल ५० किलोवॅट मिळतात. मेक्सिकोने हे चालू दिलं, कारण अमेरिका आणि कॅनडाने लांब पल्ल्याच्या चांगल्या लहरी आपसात वाटून घेतल्या होत्या आणि मेक्सिकोसाठी काहीच ठेवलं नव्हतं. मेक्सिकोला त्या बोकडवाल्या डॉक्टरचं प्रेम नव्हतं, शेजाऱ्याची झोप उडवायला तो बरा होता.

ब्रिंक्ली सुरुवातीला मिलफर्डमधून टेलिफोनच्या तारेवर बोलायचा आणि आवाज मेक्सिकोतून निघायचा. टॉवरला हात लावणं अमेरिकेच्या हातात नव्हतं. म्हणून १९३४ च्या कम्युनिकेशन्स अॅक्टमध्ये कलम ३२५ आलं: अमेरिकेतल्या स्टुडिओतून परदेशी स्टेशनला कार्यक्रम पाठवायचा आणि तो अमेरिकेत ऐकू येणार असेल, तर आधी परवानगी घ्या. ब्रिंक्लीने तबकड्या भरून पलीकडे पाठवायला सुरुवात केली. नॉर्मन बेकर नावाच्या दुसऱ्या भोंदूवर (हा कॅन्सर बरा करायचा) अशाच तबकड्यांवरून खटला झाला, आणि अपील कोर्टाने शिक्षा रद्द केली.

शेवटी आवाज बंद झाला तो वाटाघाटींनी. १९३७ मध्ये हवानाला उत्तर अमेरिकन देशांचा करार झाला, मेक्सिकोला हव्या त्या लहरी मिळाल्या, २९ मार्च १९४१ ला करार अमलात आला आणि मेक्सिकोने एक्सईआरए गुंडाळलं.

ते कलम अजून आहे, आता त्याला ३२५(सी) म्हणतात. २०२० मध्ये एफसीसीने (अमेरिकेच्या प्रसारण नियामकाने) त्याखाली एक अर्ज फेटाळला. रोसारितोजवळचं एक्सईडब्ल्यूडब्ल्यू, ६९० एएम, लॉस एंजेलिसपर्यंत खणखणीत पोचणारं. एका अमेरिकन गटाने त्यावर मँडरीन (चिनी) कार्यक्रम सुरू केले. कार्यक्रम बनत होते कॅलिफोर्नियातल्या अर्विनडेलच्या स्टुडिओत आणि बनवणारी कंपनी हाँगकाँगच्या फिनिक्स टीव्हीशी जोडलेली. अर्जावर तिचं नावच नव्हतं. एफसीसीने ४८ तासांत बंद करा म्हणून सांगितलं. म्हणजे टॉवर मेक्सिकोत, स्टुडिओ अमेरिकेत, पैसा आणि शब्द तिसरीकडचे.

तर आता सांगा, मालक म्हणायचं कोणाला? ज्याच्या नावावर परवाना, ज्याच्या हातात माईक, की ज्याच्या खिशातून पैसा?

-----

तळेगाव_लोकल
बोकडाच्या ग्रंथी!! हे खरं आहे? आणि निवडून येता येता राहिला? आपल्याकडचे बाबा-बुवा उगाच बदनाम.
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

-----

सिबाका_काका
धागा आवडला. पण तबकड्या पलीकडे पाठवायची युक्ती वाचून हसू आलं, कारण आमची अख्खी पिढी त्याच युक्तीवर वाढली.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर श्रद्धा, सिनेसंगीतावर राग. आकाशवाणीवरची फिल्मी गाणी आटली आणि अख्खा देश सिलोनकडे वळला. कोलंबोचे तगडे शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर हा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आग्नेय आशियातल्या सैन्यासाठी उभारलेल्या केंद्राचा वारसा. त्यावर डिसेंबर १९५२ पासून बिनाका गीतमाला. अमीन सायानी बोलायचे मुंबईत. कुलाब्यात ध्वनिमुद्रण व्हायचं, टेपा विमानाने कोलंबोला जायच्या आणि बुधवारी रात्री आठला आवाज सिलोनहून परत आमच्या गिरगावातल्या खोलीत. गाणी मुंबईची, निवेदक मुंबईचा, बिनाका टूथपेस्ट मुंबईत खपणार, फक्त टॉवर परका.

अमेरिकेने निदान कलम ३२५ केलं. आपल्या सरकारने टेपा अडवल्याचं मला आठवत नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविधभारती काढली, आणि १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई-पुणे-नागपूर विविधभारतीवर जाहिराती सुरू केल्या. पलीकडच्या दुकानाला टाळं लावता येत नसेल तर समोर आपलं दुकान काढावं. माझ्या मते हाच शहाणा उपाय, फक्त पंधरा वर्षं उशिरा सुचला.

रच्याकने, खारेवारे, तुमच्या त्याच रोसारितोहून पूर्वी एक्सईआरबी नावाचं स्टेशन चालायचं. त्यावरचा निवेदक वुल्फमन जॅक टेपा लॉस एंजेलिसमध्ये भरायचा. म्हणजे अमीनभाईंचाच कित्ता.

-----

खारेवारे
काका, दंडवत. सिलोनचा मुद्दा डोक्यात होता, पण इतका तपशील माझ्याकडे नव्हता.
@तळेगाव: शंभर टक्के खरं. १९४१ मध्ये दिवाळं निघालं, १९४२ मध्ये गेला.

-----

लालशाई
वकिलाच्या चष्म्यातून थोडं.

मालक कोण हा प्रश्न नियामकाच्या दृष्टीने दुय्यम आहे. त्याचा खरा प्रश्न असतो, 'माझ्या हद्दीत माझ्या हाताला काय लागतंय?' अमेरिकेच्या हाताला तार लागली. ब्रिटनचं उदाहरण आणखी बोलकं आहे. मार्च १९६४ मध्ये रेडिओ कॅरोलाइन आलं, तीन मैलांच्या सागरी हद्दीबाहेर उभ्या जहाजावरून. जहाजावर परक्या देशाचं निशाण, त्यामुळे ब्रिटिश पोलिसांना चढता येईना. १९६७ मध्ये त्यांनी मरीन ब्रॉडकास्टिंग ऑफेन्सेस अॅक्ट केला. त्यात जहाजाला कोणी हात लावला नाही. ब्रिटिश नागरिकाने तिथे काम करायचं नाही, जाहिरात द्यायची नाही, डिझेल, पाणी, खाणं पोचवायचं नाही, एवढंच. १४ ऑगस्टला बहुतेक जहाजं गप्प झाली. आणि सिबाका काकांचा न्याय तिथेही लागला, कारण दीड महिन्यात बीबीसीने रेडिओ वन काढलं. कॅरोलाइन मात्र हॉलंडमधून रसद मागवून चालूच राहिलं.

आपल्याकडे या सगळ्याचा पाया म्हणजे १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल निकाल. न्या. पी. बी. सावंत. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता, ना सरकारच्या बापाची ना व्यापाऱ्याच्या (शब्द माझे, आशय त्यांचा). त्यानंतर खासगी एफएम आलं. परकीय भांडवल आधी २० टक्के, मग २६, आणि नोव्हेंबर २०१५ पासून ४९. पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं तेवढंच. म्हणजे मालकीची दारं हळूहळू किलकिली केली आणि मजकुराचं दार बंदच. मला विचाराल तर हे उलटं असायला हवं होतं.

-----

आंबोलीचा_पाऊस
सगळे परक्या टॉवरच्या विरोधात बोलताहेत म्हणून आमच्याकडची एक गोष्ट.

१९५५ चा नोव्हेंबर. गोवा पोर्तुगीजांकडे. पणजीला त्यांचं एमिसोरा दे गोवा, सगळी मुस्कटदाबी. तेव्हा सीमेच्या अलीकडे, आंबोलीच्या रानात, एका ट्रकमध्ये ट्रान्समीटर बसवून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोवामुक्तीचं रेडिओ केंद्र चालवलं. कोंकणी आणि पोर्तुगीजमधून. पुढे ते कॅसलरॉकला हलवलं. आंबोलीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांनी कल्पना करावी, त्या ओलीत रेडिओचं यंत्र आणि जळवा. डिसेंबर १९६१ पर्यंत, सहा वर्षं. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाल्याची बातमी त्या दोघांनी विमानातून लाउडस्पीकर लावून सांगितली. लिबियाबाईंना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली.

पोर्तुगीज कायद्याने हे काय होतं? बेकायदा परकीय प्रक्षेपण. आम्ही त्यावर अजून अभिमानाने बोलतो. म्हणून 'परका टॉवर' म्हटलं की लगेच मुठी आवळू नका.

-----

लालशाई
@आंबोली: मुद्दा मान्य. पण तिथे श्रोत्यांना ठाऊक होतं कोण बोलतंय आणि कशासाठी बोलतंय. ६९० एएमच्या अर्जात नेमकं तेच लपवलं होतं. फरक टॉवरचा नाही, उघडपणाचा आहे.

-----

सरेकर_बी_सी
अरे, आमचं सरे कसं विसरलात? व्हँकुव्हरशेजारी, पंजाबी वस्तीचं मोठं गाव. इथे टॅक्सीत, ट्रकमध्ये, मिठाईच्या दुकानात वर्षानुवर्षं तीन स्टेशनं वाजायची: रेडिओ इंडिया, शेर-ए-पंजाब, रेडिओ पंजाब. पंजाबी, हिंदी, गुरुद्वारातून कीर्तन, गावाकडच्या निवडणुका, आणि फोनवरून भांडणं. स्टुडिओ इथे, जाहिराती इथल्या सोनारांच्या आणि इमिग्रेशन वकिलांच्या, आणि ट्रान्समीटर सीमेपलीकडे वॉशिंग्टन राज्यात, ब्लेन, फर्नडेल, ओक हार्बरला. अमेरिकन परवान्याची एएम स्टेशनं, त्यांवरचा वेळ भाड्याने घेतलेला.

इथला परवाना मिळणं महाकठीण, लहरी शिल्लक नाहीत, आणि ज्यांनी रीतसर परवाना काढून पंजाबी स्टेशन चालवलं ते ओरडायचे की आम्ही कॅनडाचे नियम पाळायचे आणि यांनी नाही. २०१४ मध्ये सीआरटीसीने (कॅनडाच्या प्रसारण नियामकाने) तिघांना बोलावलं. युक्तिवाद लालशाईंच्या म्हणण्यासारखाच: टॉवर आमच्या कक्षेत नसेल, पण प्रसारणाचा धंदा तुम्ही कॅनडात बसून करताय, आणि त्याला आमचा परवाना लागतो. एकाने गाशा गुंडाळला, बाकीच्यांनी थांबण्याचं लिहून दिलं. पुढे शेर-ए-पंजाबला २०१७ मध्ये रीतसर कॅनडाचा परवाना मिळाला, ६०० एएम.

माझे शेजारी सरदारजी तेव्हा भयंकर चिडले होते. त्यांना कायद्याशी देणंघेणं नव्हतं, संध्याकाळचा कार्यक्रम बुडाला होता. मला दोघांचंही पटायचं.

आणि हत्यार नुसतं परवान्याचं नाही. कॅनडात १९७६ पासून आयकर कायद्यात तरतूद आहे: कॅनेडियन गिऱ्हाइकासाठी परदेशी स्टेशनवर जाहिरात दिली तर तो खर्च करात वजा मिळत नाही. अमेरिकेने १९८४ मध्ये तस्साच कायदा करून परतफेड केली.

याच्या उलटंही घडलंय. विंडसर, ओंटारियोचं सीकेएलडब्ल्यू, ८०० एएम, 'द बिग एट'. टॉवर कॅनडात, श्रोते डेट्रॉइटचे, मालक अमेरिकन कंपनी आरकेओ. कॅनडाने परकीय मालकीवर २० टक्क्यांची मर्यादा आणली, आरकेओला १९७० मध्ये विकावं लागलं. १९७१ मध्ये वर तीस टक्के कॅनेडियन गाण्यांची सक्ती. डेट्रॉइटशी टक्कर देणाऱ्या स्टेशनला हे पायात धोंडा बांधून पळण्यासारखं होतं. पण त्या तीस टक्क्यांनी कॅनडाच्या गायकांची एक अख्खी फळी उभी राहिली, हेही खरं.

-----

मुक्त_लहर
सगळं वाचलं. छान आहे, पण इतिहास म्हणून. आता पोरं पॉडकास्ट ऐकतात, सर्व्हर आयर्लंडमध्ये, कंपनी स्वीडनची. कसले टॉवर आणि कसले टक्के? मालकीच्या मर्यादा म्हणजे जुन्या घराण्यांना दिलेलं संरक्षण. पैसा येऊ द्या, ऐकणारा ठरवेल.

-----

खारेवारे
@मुक्त_लहर, इंटरनेट कंपनी आणि टॉवर यांची गाठ पडली की काय होतं त्याचा मासला. २०१३ मध्ये पँडोराने (इंटरनेटवरून गाणी ऐकवणारी अमेरिकन कंपनी) साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीचं एक छोटं एफएम स्टेशन विकत घ्यायचं ठरवलं. हेतू संगीताचा नव्हता. रेडिओवाल्यांना गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा दर कमी लागायचा, तो हवा होता. विरोधकांनी विचारलं, तुमच्यात परकीय भागधारक किती? पँडोराला सांगता येईना, शेअर बाजारात फिरणाऱ्या शेअरचे खरे धनी कोण हे कंपनीलाच ठाऊक नसतं. अमेरिकेत वरच्या कंपनीसाठी मर्यादेचा आकडा २५ टक्के. एफसीसीची खास परवानगी २०१५ मध्ये मिळाली, तोवर दोन वर्षं गेली.

आणि अमेरिका तितकी कडकही नाही. २०१७ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन नागरिकांना अलास्का आणि टेक्ससमधल्या स्टेशनांची शंभर टक्के मालकी दिली. माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोकला मात्र टीव्ही स्टेशनांसाठी १९८५ मध्ये नागरिकत्वच बदलावं लागलं होतं. काळ बदलला.

-----

लालशाई
@मुक्त_लहर, 'टक्के संपले' म्हणताय तर बीबीसी मराठी बघा. २०१७ पासून चालू, टॉवरबिवर काही नाही, निव्वळ डिजिटल. २०१९ मध्ये केंद्राने डिजिटल बातम्यांना २६ टक्क्यांची मर्यादा लावली. त्यामुळे एप्रिल २०२४ पासून मराठीसकट सहा भाषांचं काम कलेक्टिव्ह न्यूजरूम या भारतीय कंपनीकडे गेलं. बीबीसीने तिच्यात २६ टक्क्यांपुरताच वाटा घ्यायचं ठरवलं. भारतीय कंपनी मजकूर बनवते, बीबीसीच्या नावाने तो जातो. सॅन डिएगोची मांडणी आरशात धरल्यासारखी.

गंमत म्हणजे बीबीसी हिंदी शॉर्टवेव्हवर होती तेव्हा, २०२० पर्यंत, तिला इथल्या कोणाच्याही परवान्याची गरज पडली नाही.

-----

मुक्त_लहर
म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. २६ टक्क्यांनी काय साधलं? बातम्या त्याच, माणसं तीच, फक्त पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव बदललं.

-----

लालशाई
साधलं हे की उद्या नोटीस द्यायची तर पत्ता भारतातला आहे. चांगलं की वाईट ते देणाऱ्यावर अवलंबून.

-----

सिबाका_काका
मुक्त_लहर, मला तुमचं अर्धं पटतं. पण 'ऐकणारा ठरवेल' यासाठी ऐकणाऱ्याला बोलणारा कोण हे कळायला हवं ना. २०१५ मध्ये रॉयटर्सने शोधून काढलं की चायना रेडिओ इंटरनॅशनलचा मजकूर चौदा देशांतल्या तेहतीस स्टेशनांवरून जातोय, वॉशिंग्टनजवळचं एक त्यात आलं. मधे स्थानिक कंपन्या, ज्यांत बीजिंगचा साठ टक्के हिस्सा. अमेरिकेत त्यांनी स्टेशनांवरचा वेळ भाड्याने घेतला. मालकीचे टक्के मोजणाऱ्याला ते दिसणार कसे?

-----

एडिसनची_लीना
वाचनमात्र होते, पण आता प्रश्न आहे. आमच्या मंडळात रविवारी सकाळी तासभर मराठी कार्यक्रम सुरू करायचं घाटतंय, एएमवर. दोन मतं आहेत. एक गट म्हणतो वेळ भाड्याने घेऊ. दुसऱ्या गटातल्या एका उत्साही काकांना एक मरतुकडं स्टेशनच विकत घ्यायचंय. ते ग्रीनकार्डवर आहेत. चालतं का?

-----

खारेवारे
ग्रीनकार्डवर स्वतःच्या नावाने परवाना नाही, त्याला नागरिकत्वच लागतं. कंपनी काढली तर परवानाधारक कंपनीत परकीयांचा वाटा २० टक्क्यांपर्यंत, आणि ग्रीनकार्डवाला 'परकीय'तच मोजला जातो. त्यापुढे जायचं तर वर दुसरी कंपनी काढायची, तिला २५ टक्क्यांची मर्यादा, आणि तीही ओलांडायची तर एफसीसीकडे अर्ज आणि वकिलांची फी. मरतुकड्या एएमची खरी किंमत बहुधा टॉवरखालच्या जमिनीची असते, ते काकांच्या कानावर घाला.

भाड्याने घेणं सोपं. मात्र २०२१ च्या नियमापासून भाडेकरूला विचारतात: तुम्ही परकीय सरकार, परकीय राजकीय पक्ष किंवा त्यांचे एजंट आहात का, मजकुरामागे त्यांच्यातलं कोणी आहे का? असेल तर कार्यक्रमात तसं जाहीर करावं लागतं. तुमचं उत्तर 'नाही' असेल तर ते लेखी देऊन मोकळं व्हायचं.

-----

एडिसनची_लीना
आभार. गणपतीत दूतावासाचा एखादा निरोप वाचून दाखवायचा झाला तर?

-----

लालशाई
भाडेकरार सही करण्याआधी स्टेशनच्या मॅनेजरला लेखी विचारा, उत्तरही लेखीच घ्या. परवाना त्याचा आहे, गेला तर त्याचा जाईल, म्हणून तो नीट सांगेल.